मधमाश्यांचं प्रथिनखाद्य: पाकिटावरच्या टक्क्यांवर किती विसंबायचं?

माळरान | २२ ऑगस्ट, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी,

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात माझ्या मेलिफेराच्या (युरोपीय जातीची मधमाशी) साठ पेट्या आहेत. डाळिंब आणि कांदा बियाण्याच्या हंगामात शेतकऱ्यांना परागीभवनासाठी भाड्याने देतो, बाकीचा काळ पेट्या शिवारातच असतात. पावसाळा दरवर्षी जड जातो, पण यंदा जे दिसतंय त्याचा उलगडा होत नाही.

आजूबाजूला सगळीकडे मका तुऱ्यावर आहे. माश्या पायाला पिवळ्याधमक गोळ्या लावून येतात. चौकटी उघडल्या की परागाची घरं भरलेली दिसतात. साखरेचा पाक जुलैपासून चालू आहे. तरीही ब्रूड (अंडी, अळ्या, कोष) आक्रसत चाललंय. राणी अंडी घालते, अंडी फुटतात आणि पुढच्या तपासणीला त्या लहान अळ्या जागेवर नसतात. घरं नुसती पुसून ठेवल्यासारखी रिकामी. पिठीसाखर टाकून व्हरोआ (माश्यांवरचा परजीवी कोळी) तपासला, आटोक्यात आहे. मेणकिडा नाही, कुजका वास नाही.

प्रथिनखाद्य द्यायचं ठरवलंय. बाजारात दोन प्रकार मिळाले. एक पावडर, पाकिटावर 'प्रथिने ४५ टक्के'. दुसरी तयार पॅटी (मळलेल्या खाद्याची थापलेली वडी), तिच्यावर '१८ टक्के' आणि भाव मात्र किलोमागे जवळपास दुप्पट. दुकानदाराचं म्हणणं, जितके टक्के जास्त तितकं खाद्य चांगलं. तिसरा मार्ग म्हणजे घरी सोयाबीन दळून करणे. आमच्याकडे सोयाबीनला तोटा नाही.

प्रश्न एवढाच: खाद्याचा कस नेमका कशावर ठरतो? अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

घाटवाट | २२ ऑगस्ट, सकाळी १०:०२

आमच्या वाई-महाबळेश्वर पट्ट्यात सगळं काम सातेरीवर, म्हणजे देशी मधमाशीवर. पावसाळ्यात आम्ही त्यांना फारसं डिवचत नाही. उघडीप मिळाली की तेरडा, मग सोनकी, त्यावर त्या तग धरतात. पॅटी ठेवून बघितली आहे, सातेरी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. पण मेलिफेराचं पोट मोठं, तुमचं गणित वेगळं. वाचतोय.

बारक्या | २२ ऑगस्ट, सकाळी १०:१५

मका एवढा आणि तरी उपाशी? हे डोक्यात शिरत नाही.

रेणू | २२ ऑगस्ट, दुपारी १:४०

माळरानदादा, तुमचं निरीक्षण नेमकं आहे आणि उत्तर त्यातच आहे.

दाई माश्या, म्हणजे साधारण पहिल्या पंधरवड्यातल्या तरुण कामकरी, पराग खातात. त्यातून त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथी भरतात आणि त्या ग्रंथींतून अळ्यांचं खाद्य स्रवतं. अळीला पराग थेट फारसा मिळतच नाही, तिला मिळतं ते दाईच्या अंगातून. परागाचा कस पुरेना झाला की दाया सगळ्या अळ्या वाढवू शकत नाहीत आणि सर्वांत लहान अळ्या स्वतःच खाऊन टाकतात. ती प्रथिनं वाया न घालवता मोठ्या अळ्यांना जगवतात. तुमच्या रिकाम्या घरांचं कारण बहुतेक हेच आहे. एक कामकरी अळी वाढवायला अंदाजे सव्वाशे ते दीडशे मिलिग्रॅम पराग लागतो, म्हणजे राणी रोज हजार अंडी घालत असेल तर रोजचा खर्च किती, ते तुम्हीच मांडून बघा.

आता मका. मका वाऱ्यावर फळणारं पीक आहे, त्याला माशीची मनधरणी करायची गरज नाही. त्याच्या परागात प्रथिनं जेमतेम १५ टक्क्यांच्या आसपास. सूर्यफूलही त्याच रांगेत. मोहरीवर्गीय पिकांचा पराग वीस टक्क्यांच्या वर जातो. पण नुसत्या टक्क्यांनी भागत नाही. डी ग्रूट या डच संशोधकाने १९५३ मध्ये मधमाशीला बाहेरून मिळालीच पाहिजेत अशी दहा अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) दाखवून दिली. त्यातलं एक जरी कमी पडलं तरी बाकीची नऊ कितीही असोत, वाढ त्या कमी पडलेल्यापाशी अडते. ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन सर्वांत जास्त लागतात. आपण भाताबरोबर वरण खातो, तांदळात कमी असलेलं लायसिन हे अमिनो आम्ल डाळ भरून काढते. एकाच पिकाच्या परागावर अडकलेल्या वसाहतीला ते वरण मिळत नाही.

पाकिटावरच्या आकड्याबद्दल संध्याकाळी लिहिते, प्रयोगशाळेत निघाले आहे.

बारक्या | २२ ऑगस्ट, दुपारी २:०५

रेणूताई, दंडवत. मग आमच्या जिममधला व्हे प्रोटीनचा डबा पेटीत ठेवला तर माश्या पण दंड काढतील का?

कोकणी_फणस | २२ ऑगस्ट, दुपारी २:२०

बारक्या, दंड काढलेली माशी चावली तर कुठे पळशील ते आधी ठरव.

रेणू | २२ ऑगस्ट, रात्री ८:३०

बारक्याचा प्रश्न गमतीचा असला तरी उपयोगाचा आहे. दुधापासूनच्या पावडरीत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते, आणि लॅक्टोज व त्यातून निघणारं गॅलॅक्टोज मधमाशीला विषारी ठरतं. सायविरहित दूध पावडरीत प्रथिनं ३५ टक्क्यांच्या आसपास, पण जवळपास निम्मा भाग लॅक्टोज. जुन्या पाककृतींत ती आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटाचे मधमाशी-संशोधक हायडॅक यांचं मिश्रण जगभर वापरलं गेलं: मेद काढलेलं सोया पीठ तीन भाग, ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना उरणारं यीस्ट) एक भाग, दूध पावडर एक भाग. थोड्या प्रमाणात चालून जातं, पण मी असते तर दूध पावडर वगळली असती.

आता टक्के. पाकिटावरची 'प्रथिने' म्हणजे बहुधा नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणलेला आकडा. तो नायट्रोजन पचणाऱ्या प्रथिनातून आला की न पचणाऱ्या कशातून, हे त्या आकड्याला सांगता येत नाही. सोयाचं पीठ जास्त भाजून करपलं तर नायट्रोजन तेवढाच भरतो, पण लायसिन साखरेशी जखडलं जातं आणि माशीच्या उपयोगी पडत नाही. दोन पाकिटांवर ४५ लिहिलेलं असेल, एकात ब्रूड वाढेल आणि दुसऱ्यात वाढणार नाही.

दुसरं असं, की ४५ आणि १८ ही तुलनाच सरळ नाही. पावडर तुम्ही कोरडी देणार नाही. तिच्यात जवळपास तेवढीच साखर आणि वर पाणी घालून मळणार. म्हणजे पेटीत जाताना ती वीस-बावीस टक्क्यांवर आली. तयार पॅटीत साखर आणि ओल आधीच आहे. दोन्ही पेटीत गेल्यावर जवळजवळ सारख्याच.

आणि जास्त म्हणजे चांगलं, हेही खरं नाही. १९७७ साली अमेरिकेत हर्बर्ट आणि सहकाऱ्यांनी ५ ते ५० टक्के प्रथिनांची खाद्यं देऊन पाहिली, ब्रूड सर्वांत चांगलं वाढलं ते २३ टक्क्यांच्या आसपास. साखरेच्या मानाने प्रथिनं फार वाढवली तर प्रौढ माश्यांचं आयुष्य घटतं, हे नंतरच्या प्रयोगांतही दिसलं आहे.

माळरान | २२ ऑगस्ट, रात्री ९:१५

टक्क्यांचा हा हिशेब कुणीच सांगितला नव्हता. म्हणजे तयार पॅटीचे जास्तीचे पैसे साखर-पाणी आणि मळण्याच्या मजुरीचे?

रेणू | २२ ऑगस्ट, रात्री ९:२५

काही अंशी. पण एखाद्या कंपनीने अमिनो आम्लं, मेद आणि जीवनसत्त्वांचा तोल खरोखर साधला असेल तर ते पैसे त्याचेही असतील. घटकांची यादी मागा. जो विक्रेता खाद्यात काय आहे ते सांगत नाही, त्याच्याकडून माश्यांसाठी काही घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

मधुकोठी | २३ ऑगस्ट, सकाळी ७:५०

घरी करणाऱ्यांसाठी माझी पद्धत लिहिते. लातूरकडे आम्ही बायकांच्या गटात पेट्या सांभाळतो.

मेद काढलेलं सोया पीठ (तेल गिरणीवाल्यांकडे खाण्याच्या प्रतीचं मिळतं, जनावरांची पेंड नाही), डाळव्याचं पीठ आणि ब्रुअर्स यीस्टची पावडर. सोया आणि यीस्ट मिळून बहुतेक भाग, डाळवं थोडंच, चवीला आणि बांधायला. वस्त्रगाळ करायचं, चरचरीत कण राहता कामा नये. कण मोठा असला की माश्या तो उचलून दारातून बाहेर टाकतात आणि आपल्याला वाटतं खाल्लं. मग तेवढीच पिठीसाखर आणि घट्ट पाक घालत मळायचं. कणकेपेक्षा सैल, पण उभी चौकट धरली तरी ओघळणार नाही इतपत. रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी हात लावून बघायचा, सोयाने पाणी ओढलेलं असतं, लागला तर अजून थोडा पाक.

बटर पेपरच्या दोन तुकड्यांत लाटून अर्ध्या बोटाची जाडी ठेवायची. खालच्या कागदाला चाकूने चिरा पाडायच्या आणि ब्रूडच्या बरोबर वर, चौकटींच्या माथ्यावर ठेवायचं. ही जागा महत्त्वाची. चार चौकटी पलीकडे ठेवलं तर दायांना ते कळतही नाही. पेटी दोन-तीन दिवसांत संपवेल एवढंच द्यायचं. उरलेल्या पॅटीला पावसाळी हवेत बुरशी आलीच म्हणून समजा, आणि मेणकिड्याला ती पर्वणी.

गूळ अजिबात नको. त्यातल्या क्षारांनी माश्यांना हगवण लागते. मीठही नको.

सोयाराजा | २३ ऑगस्ट, सकाळी ९:३०

एवढा खटाटोप कशाला? घरचं सोयाबीन दळा, साखर मिसळा, ठेवा. आम्ही तेच करतो. माश्या खातात.

रेणू | २३ ऑगस्ट, दुपारी १२:१०

खातात हे खरं, पण खाणं आणि अंगी लागणं यांत फरक आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन रोधक असतो, तो प्रथिनाचं पचनच अडवतो. कोंबड्यांनाही कच्चं सोयाबीन देत नाहीत ते याचसाठी. शिवाय सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा आहेत, मधमाशीला त्या मानवत नाहीत. उष्णता दिल्याने रोधक बराचसा निकामी होतो, शर्करा मात्र राहतात. म्हणून सोया हा एकमेव घटक नसावा, यीस्टने त्याचा वाटा कमी करावा. यीस्टमध्ये प्रथिन चांगल्या प्रतीचं असतं आणि ब गटाची जीवनसत्त्वंही येतात. तेही निर्जीव, वाळवलेलं हवं. पाव फुगवायचं जिवंत यीस्ट साखरेत आंबेल.

सोयाराजा | २३ ऑगस्ट, दुपारी १२:४०

ताई, पुस्तक एक सांगतं आणि शेत एक सांगतं. आमच्या पेट्या जिवंत आहेत.

मधुकोठी | २३ ऑगस्ट, दुपारी १:००

दादा, पेट्या जिवंत आहेत त्या तुमच्या शिवारातल्या फुलांवर असू शकतात. काही पेट्यांना खाद्य न देता बघितलंत का? तुलनेला पेटी नसेल तर श्रेय कुणाला द्यायचं ते ठरत नाही.

भटक्या_पेट्या | २३ ऑगस्ट, सायंकाळी ६:२०

मी स्थलांतर करणारा माणूस. हिवाळ्यात भरतपूरकडे मोहरीला जातो. मोहरीत महिनाभर राहिलेली वसाहत बघा, ब्रूड कडेपासून कडेपर्यंत भरतं. कुठल्याही पावडरीने मी तसं झालेलं पाहिलेलं नाही. माझा सल्ला, पॅटीच्या मागे लागण्याआधी पेट्या हलवता येतात का बघा. मक्याच्या समुद्रातून उचलून जिथे बांधावर एरंड, भोपळावर्गीय वेल, तीळ अशी सरमिसळ आहे तिथे न्या. वीस-पंचवीस किलोमीटरही पुरे होतात.

माळरान | २३ ऑगस्ट, सायंकाळी ७:०५

पटतंय, पण भर पावसात चिखलाच्या रस्त्यावर साठ पेट्यांचा टेम्पो, हमाली, राखण… नव्या जागेवर चोरीची भीती वेगळीच. सगळ्या हलवणं शक्य नाही. काही हलवून बघतो.

सॅक्रामेंटोकर | २४ ऑगस्ट, सकाळी ६:१५

इकडे कॅलिफोर्नियात हा प्रश्न अख्ख्या धंद्याचा आहे. फेब्रुवारीत बदामाचा बहर. एकराला साधारण दोन पेट्या लागतात, त्यासाठी देशभरातून पेट्या इथे येतात आणि भाडं वसाहतीच्या ताकदीवर ठरतं. म्हणजे निसर्गात जेव्हा काहीच फुललेलं नसतं तेव्हा वसाहत फुगवायची. उन्हाळ्याच्या शेवटापासून पॅटी सुरू होते. आमच्या ओळखीचे व्यावसायिक तिचे खोकेच्या खोके घेतात.

पण जुने लोक एक गोष्ट आवर्जून सांगतात. पॅटी माश्यांची संख्या टिकवते, पण कितीही पॅटी घाला, पूर्ण पराग बंद झाला की काही आठवड्यांनी वसाहत खचते. माळरानांच्या माश्यांना थोडा तरी पराग येतोय, ही त्यांची जमेची बाजू. रेणूताई, हे पॅटीने का थांबत नाही?

रेणू | २४ ऑगस्ट, रात्री ८:५०

कारण प्रथिन म्हणजे पराग नव्हे. परागात स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या जातीची मेदद्रव्यं) असतात. कीटकांना स्वतःच्या शरीरात स्टेरॉल बनवता येत नाहीत, अन्नातूनच घ्यावे लागतात. मधमाशीच्या अंगात मुख्य आहे २४-मिथिलिन कोलेस्टेरॉल. ते परागात मिळतं. सोया आणि यीस्टमध्ये वेगळे स्टेरॉल असतात, त्यांनी काम भागत नाही. दाया आपल्या अंगातल्या साठ्यातून अळ्यांच्या खाद्यात स्टेरॉल घालत राहतात. म्हणून पॅटी दिल्यावर पहिले काही आठवडे सगळं छान दिसतं. साठा संपला की पुढच्या पिढीला द्यायला काही उरत नाही. खाद्याची चाचणी थोड्या दिवसांत उरकणाऱ्यांना ही उणीव दिसतच नाही.

२०२५ मध्ये या दिशेने दोन मोठी कामं बाहेर आली. ऑक्सफर्डच्या जेराल्डिन राइट यांच्या गटाने यारोविया लिपोलिटिका या यीस्टमध्ये जनुकीय बदल करून परागातले सहा महत्त्वाचे स्टेरॉल तयार करून घेतले. बंदिस्त काचगृहात तीन महिने वसाहतींना ते खाद्य दिलं, आणि स्टेरॉल नसलेल्या खाद्याच्या तुलनेत कोषावस्थेपर्यंत पोचणाऱ्या अळ्या १५ पटीपर्यंत जास्त मिळाल्या. हे काम 'नेचर'मध्ये आलं. त्याच वर्षी अमेरिकेतलं वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ आणि एपिक्स बायोसायन्सेस ही कंपनी यांनी परागाशिवायच्या संपूर्ण खाद्यावर ब्लूबेरी आणि सूर्यफुलाच्या शेतांत काम केलं. त्यात आयसोफ्युकोस्टेरॉल हा स्टेरॉल काढला की ब्रूड घटतं, हे दिसलं.

मला या बातम्यांनी मनापासून आनंद झाला. इतकी वर्षं आपण माशीला कोंबडीखाद्याच्या मापाने मोजत आलो, आता कुठे तिची खरी गरज लक्षात घेऊन काम होतंय.

निलगिरी_नको | २४ ऑगस्ट, रात्री ९:३०

स्टेरॉलवरून आठवलं, मेदाचंही लिहा ना. आमच्याकडे वनीकरणाच्या नावाने निलगिरी लावलीय. मध भरपूर निघतो, पण वसाहती नंतर ढेपाळतात.

रेणू | २४ ऑगस्ट, रात्री १०:०५

निलगिरीच्या परागात मेद फार कमी असतो आणि ओमेगा-३ तर नाममात्र. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की ओमेगा-३ कमी असलेल्या खाद्यावर वाढलेल्या माश्या वास ओळखून शिकण्यात मागे पडतात आणि त्यांच्या दाई-ग्रंथीही लहान राहतात. जी माशी वास लक्षात ठेवू शकत नाही ती फूल कसं शोधणार?

बारक्या | २४ ऑगस्ट, रात्री १०:१०

मग पॅटीत जवस घालावं का? आजी सगळ्या दुखण्यांवर जवसाची चटणीच सांगते.

रेणू | २४ ऑगस्ट, रात्री १०:२०

कल्पना योग्य दिशेची आहे. जवसाच्या तेलात ओमेगा-३ भरपूर आहे. पण प्रमाण अगदी थोडं, ताजं घाणीचं तेल आणि त्याच आठवड्यात संपणारं मिश्रण. खवट झालेला मेद न घातलेल्यापेक्षा वाईट. सोया पीठही म्हणूनच जुनं वापरू नये.

ग्राहक_राजा | २५ ऑगस्ट, सकाळी ८:००

अवांतर होईल, पण विचारतोच. तुम्ही साखर, सोया, यीस्ट पेटीत घालता, मग आम्ही विकत घेतो तो मध कसला? शुद्ध मधाच्या नावाखाली हेच का?

मधुकोठी | २५ ऑगस्ट, सकाळी ८:४०

रास्त प्रश्न. खाद्य टंचाईत द्यायचं, मधाच्या हंगामात नाही. फुलोरा सुरू व्हायच्या बऱ्याच आधी पाक आणि पॅटी बंद करायची, मधकोठी (मध साठवायचा पेटीचा वरचा कप्पा) त्यानंतरच चढवायची. पॅटीतली साखर माश्या पोळ्यात साठवू शकतात, त्यामुळे मधकोठी वर असताना पॅटी ठेवणं ही ग्राहकाची फसवणूकच. आमच्या गटात हा नियम मोडणाऱ्या बाईचा मध गटाच्या नावाने विकत नाही.

ग्राहक_राजा | २५ ऑगस्ट, सकाळी ८:५५

समाधान झालं. धन्यवाद ताई.

कोकणी_फणस | २५ ऑगस्ट, सकाळी ११:१५

माळरान, दुसऱ्याकडून पराग विकत घेऊन पॅटीत मिसळायचा कुणी सल्ला देईल, तर जपून. परागाचा वास असला की माश्या पॅटीवर तुटून पडतात, कसही वाढतो, सगळं खरं. पण कुठल्या आजारी पेटीतला पराग आहे कोण जाणे. खडूरोगाची बुरशी आणि फाउलब्रूडचे (अळ्या कुजवणारा रोग) बीजाणू परागातून येतात. परदेशात असा पराग किरणोत्सर्गाने निर्जंतुक करतात, आपल्याकडे सुट्या परागाची कोण हमी देणार? १९९१-९२च्या सुमारास थाई सॅकब्रूड या अळ्यांच्या विषाणूरोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती अक्षरशः साफ केल्या. माझ्या काकांच्या वाडीतल्या पेट्या रिकाम्या झालेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. रोग आणून घातला तर खाद्याचा काय उपयोग?

पराग वापरायचाच तर स्वतःच्या निरोगी पेट्यांतला, हंगामात सापळा लावून जमवलेला आणि गोठवून ठेवलेला. खोलीत वर्षभर ठेवलेल्या परागाचा कस बराच उतरतो.

घाटवाट | २५ ऑगस्ट, दुपारी ४:३०

फणसराव, त्या साथीने आमच्याकडचीही कित्येक घरं मधपाळ राहिली नाहीत. म्हणूनच सातेरीवाले बाहेरचं काही पेटीत घालायला बिचकतात. आणि सातेरीचा दुसरा स्वभाव असा, की टंचाई असह्य झाली की ती पेटी सोडून जाते. मेलिफेरा बसून उपाशी मरेल, सातेरी उठून चालू लागेल. तिला थांबवायचं तर परिसरात फूल हवं. हिरडा, जांभूळ, गेळा, आखरा यांची झाडं राखली तरच मध आणि माशी दोन्ही टिकतात. महाबळेश्वरजवळचं मांघर 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं ते २०२२ मध्ये, पण तिथल्या माणसांनी रान त्याच्या कितीतरी आधीपासून सांभाळलंय.

सोयाराजा | २५ ऑगस्ट, सायंकाळी ५:१०

घाटमाथ्यावर रान आहे हो. मराठवाड्यात सोयाबीनच्या पलीकडे नजर जाईल तिथपर्यंत सोयाबीनच. तणनाशकाने बांध साफ केलेले. आम्ही कुठलं रान राखायचं? पॅटी ही आमची हौस नाही.

घाटवाट | २५ ऑगस्ट, सायंकाळी ५:४०

मान्य. तुमची अडचण खरी आहे. रान नाही म्हणून तुम्हाला दोष द्यायचा हेतू नव्हता.

मधुकोठी | २५ ऑगस्ट, सायंकाळी ६:१५

माळरानदादा, खाद्य लागू पडतंय का ते कसं बघायचं, हे राहिलं. किती खाल्लं ते मोजू नका. ब्रूडची चौकट बाहेर काढा, सूर्याकडे पाठ करा म्हणजे उजेड तुमच्या खांद्यावरून घरांच्या तळाशी पडेल. चौकट थोडी तिरकी धरून अगदी लहान अळी शोधा. अळी दुधट खाद्यात तरंगत असेल, घराच्या तळाला ओलसर चकाकी असेल, तर दायांच्या अंगात प्रथिन आहे. अळी कोरड्या तळावर चिकटलेली दिसली तर पेटीत पॅटी असो वा परागाच्या भरलेल्या चौकटी, दाया रिकाम्या आहेत. पाकिटावरच्या आकड्यापेक्षा मी या दुधावर विश्वास ठेवते.

रेणू | २५ ऑगस्ट, रात्री ९:००

मधुकोठीताई, याहून चांगली चाचणी प्रयोगशाळेबाहेर नाही. फक्त एक जोडते. दर आठवड्याला बंद ब्रूडच्या (मेणाने झाकलेल्या कोषांच्या) चौकटीही मोजा आणि एकाच ताकदीच्या काही पेट्या खाद्याशिवाय ठेवा.

माळरान | २६ सप्टेंबर, सकाळी ८:२०

मंडळी, महिना उलटून गेला, कळवायचं राहू नये म्हणून लिहितोय.

काही पेट्या तीळ-एरंडाच्या पट्ट्यात हलवल्या. राहिलेल्यांचे गट केले: पावडर, तयार पॅटी, मधुकोठीताईंच्या पद्धतीची घरची पॅटी आणि बिनखाद्याच्या. पावडर देणाऱ्या दुकानदाराने घटकांची यादी शेवटपर्यंत दिली नाही, पॅटीवाल्यांनी दिली.

हलवलेल्या पेट्या सगळ्यांच्या पुढे आहेत, यात शंका नाही. घरची पॅटी आणि तयार पॅटी यांत मला फरक दाखवता येणार नाही, दोन्हींत अळ्या दुधात दिसतात आणि बंद ब्रूड वाढलंय. पावडरीच्या पेट्यांनी खाद्य सर्वांत जलद संपवलं, पण अळ्यांचा तळ कोरडाच राहिला. दारासमोर पिठूळ कणांचा सडा होता, म्हणजे बरंचसं उचलून बाहेर टाकलं. बिनखाद्याच्या पेट्या जगल्या, पण दोन-दोन चौकटींवर आल्या. आणि ज्या मुळातच दुबळ्या होत्या, ज्यांच्यात दायाच मूठभर, त्यांना कुठल्याच खाद्याने वर काढलं नाही. त्या आता एकत्र करतोय.

भटक्या_पेट्या | २६ सप्टेंबर, सकाळी ९:००

म्हटलं होतं ना! पण घरची पॅटी इतकी चालली हे वाचून बरं वाटलं. सगळ्यांना टेम्पो परवडत नाही.

सोयाराजा | २६ सप्टेंबर, सकाळी ९:४५

माळरान, सोया किती भाजलं होतं? की गिरणीचं पीठ?

माळरान | २६ सप्टेंबर, सकाळी १०:१०

गिरणीचं, मेद काढलेलं. घरच्या सोयाबीनचा मोह आवरला.

सोयाराजा | २६ सप्टेंबर, सकाळी १०:२५

बरं. या हंगामात मीही थोड्या पेट्या वेगळ्या ठेवून बघतो. मधुकोठीताई, यीस्ट कुठून घेता ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रेणू | २६ सप्टेंबर, दुपारी १:३०

माळरानदादा, एवढ्या कष्टाने गट पाडून बघितलंत, त्याचं फार कौतुक वाटतं. पॅटी आता कधी बंद करणार?

माळरान | २६ सप्टेंबर, दुपारी २:००

शेजारच्या गावात कारळा फुलायला लागलाय. येत्या आठवड्यात पॅटी काढतो, मधकोठी त्यानंतर. पुढच्या वर्षी मक्याच्या कडेने स्वतःच्या बांधावर कारळा आणि तीळ टाकायचा विचार आहे, शेजारी दोघं तयार झालेत. पेरणीची वेळ थोडी पुढेमागे ठेवली तर फुलोरा लांबेल ना?

घाटवाट | २६ सप्टेंबर, दुपारी २:४०

लांबेल. दोन टप्प्यांत पेरा, पंधरवड्याच्या अंतराने. आमच्याकडे गावरान कारळ्याचं बी आहे, पत्ता व्यनि केलात तर पुढच्या मे महिन्यात पाठवतो.